गाळायचे म्हणजे कोणते

शकुनमावशींच्या घरात दिवस उजाडायचा तो आवाजांनी. पहिला आवाज नळाचा. पाणी यायच्या आधी नळ बराच वेळ नुसती हवा फुंकायचा आणि मावशी अर्धवट झोपेतच म्हणायच्या, "आला वं, आला." मग बादल्यांची ओढाताण, मग पुढच्या खोलीतून त्यांच्या यजमानांच्या, देवीदासकाकांच्या, वंदनेचा पुटपुटता सूर, आणि शेवटी अख्ख्या गल्लीला जागं करणारी त्यांची मोटरसायकल. ती पहिल्या किकला चालू झालेली मी कधी पाहिली नाही. पाच-सहा किक झाल्या की काका खाली उतरायचे, गाडी एका बाजूला तिरपी करायचे, क्षणभर तशीच धरून ठेवायचे आणि पुन्हा चढायचे. शेजारचे एक म्हातारे अंगणातून रोज एकच गोष्ट विचारायचे, "चालली का गा तुही म्हैस?" काका रोज एकच उत्तर द्यायचे, "चारा खाल्ला नाही अजून." जरीपटक्याच्या पलीकडून हिंगण्यापर्यंत, म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ते त्या गाडीवर जायचे. कंपनीची बस आमच्याच चौकातून जायची. पण ती पर्मनंट लोकांची. काका ठेकेदाराचे कामगार होते. सिग्नलला बस शेजारी उभी राहिली की आतले ओळखीचे लोक खिडकीतून हात करायचे, आणि काकाही हेल्मेटमधून मान हलवायचे.

मी नागपूरला कशी पोचले ते या प्रकरणात नको. कोल्हापूरकडची मी, नववीतून शाळा सुटलेली, एकोणीस वर्षांची, आणि मावशींच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आलेली, एवढं पुरे. दोन-तीन महिन्यांत मी भाडेकरू उरले नव्हते. मावशींनी माझा स्टोव्ह माळ्यावर टाकला आणि ताटं चार घ्यायला सुरुवात केली. मी मात्र त्या घरात पाहुण्यासारखीच वागत राहिले. दुसरी भाकरी घेताना त्यांच्या तोंडाकडे बघायची. कूलरसमोरची जागा कोणी दिली तरी पाच मिनिटांनी उठायची. जवसाची चटणी मला आवडायची, पण मागून घेतली नाही कधी. कढीगोळे असले की काका मुद्दाम माझ्या ताटात हिरव्या मिरचीचा ठेचा वाढायचे आणि बघत बसायचे.

"काय वं कोल्हापूर, तिखट लागलं?"

"न्हाई ओ."

"न्हाई ओ म्हणते! डोळ्यातून पाणी येऊन राहिलं, अन् न्हाई ओ!"

सगळे हसायचे. मीही हसायची, आणि मनात भीती असायची की हे हसणं एक दिवस संपेल. अशी भीती ज्याला असते त्याला ती सांगून पटत नाही. आज माझी मुलगी म्हणते, आई, तू दुकानात पिशवी मागतानासुद्धा 'माफ करा' का म्हणतेस? कोणी आपल्याला ठेवून घेतलंय, ही गोष्ट मला अजूनही तात्पुरती वाटते.

त्या घराची थोरली, म्हणजे एकुलती एक मुलगी प्रज्ञाताई. कॉम्प्युटरचं शिक्षण झालेली, गल्लीतली पहिली. जरीपटक्याच्या बाजारात पापडाच्या एका दुकानावर तिनं एक खोली घेतली होती आणि तिथे ती ठेकेदारांसाठी हजेरीचे प्रोग्रॅम लिहायची. जिना चढताना उडदाच्या पापडाचा वास यायचा, आणि दुपारी खालचे शेठ हिंदीत आणि सिंधीत एकाच वेळी भांडायचे. मी सुरुवातीला तिथे कामगारांची माहिती भरायला जायची. नाव, नंबर, जन्मतारीख, कधीपासून कामाला. चार महिन्यांनी तिनं माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हणाली, "भरतच राहशील का जिंदगीभर? प्रोग्रॅम शिक." मी म्हटलं, मी नववी. ती म्हणाली, "मी विचारलं का तुले कितवी?"

ती चांगली शिकवायची, पण भराभर. आणि मला एक वाईट खोड होती, आहे. समजलं नसलं तरी मान हलवायची. "नुसती मुंडी हालवू नको," ती ओरडायची, आणि मी त्यालाही मान हलवायची. तरी शिकले. यादी म्हणजे ॲरे, हे शिकले. यादीत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक पायरी चालत कसं जायचं ते शिकले. मग एक दिवस तिनं फिल्टर शिकवलं. तो दिवस मला स्पष्ट आठवतो, कारण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे सुंदर आहे.

"आता तू चालायचं नाही," ती म्हणाली. "यादीच चालते. तू फक्त एक प्रश्न लिहून दे. यादी एकेका माणसाले समोर उभा करते अन् तुह्या प्रश्नाले हाक मारते. सांग, हा हो का नाही? प्रश्नानं हो म्हटलं का तो माणूस नव्या यादीत. नाही म्हटलं, नाही. जुनी यादी जशीच्या तशी. कोणाले धक्का नाही."

"प्रश्नाला हाक मी मारायची?"

"तू कायले मारते? तू घरी जाऊन झोप. तू प्रश्न ठेवून गेली, हाक ते मारते. म्हणून त्याले कॉलबॅक म्हणतात."

मी मान हलवली, आणि त्या वेळी खरंच समजलं होतं. आकडे दिले, त्यातले सम आकडे वेगळे करून दाखवले. वयं दिली, अठराच्या वरची काढून दाखवली. घरी येताना मनात तेच चालू होतं. आपण लिहिलेला प्रश्न आपण तिथे नसताना कोणाकोणाला विचारला जाणार, आणि त्यांच्या हो-नाहीवरून त्यांचं पुढचं ठरणार. त्या रात्री जेवताना मी ते काकांना सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "आमच्या गेटवर बी तेच आहे. वॉचमन प्रश्न नाही लिहीत, दुसऱ्यानं लिहिलेला विचारते." माझ्यापेक्षा त्यांना लवकर कळलं होतं.

उन्हाळा सुरू झाला. कूलरला नवं गवत लावलं, घरभर ओल्या गवताचा वास. त्याच दिवसांत काका एका संध्याकाळी गाडी बंद न करताच अंगणातून ओरडले, "पर्मनंट करून राहिले!" मावशी हातातलं पीठ घेऊन बाहेर आल्या. कंपनी ठेकेदाराच्या कामगारांपैकी काहींना आपल्या पटावर घेणार होती. अटी चार. सात वर्षं सलग काम. सुरक्षेचं ट्रेनिंग पूर्ण. कंपनीच्या डॉक्टरचा फिटनेस. आणि वय पन्नासच्या आत. काकांची पन्नाशी दिवाळीत भरत होती. अशी भरती कंपनीत काकांच्या सगळ्या नोकरीत एकदाच झाली होती आणि तेव्हा त्यांची सात वर्षं भरायची होती. म्हणजे हीच एक वेळ, हे घरात कोणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. मावशींनी कपाटातून प्लास्टिकची फाइल काढली आणि ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, डॉक्टरचा कागद, जन्माचा दाखला असं एकामागून एक लावलं. काका म्हणाले, "बसमध्ये मी डाव्या बाजूले बसीन. उजवीकडून ऊन लागते." मावशी म्हणाल्या, "आधी घेऊ तर द्या बसमध्ये." पण त्याही हसत होत्या.

आणि यादी काढायचं काम आमच्याकडे आलं. ठेकेदाराची सगळी माहिती आमच्याच प्रोग्रॅममध्ये होती. तीनशेच्या आसपास माणसं, त्यांतून चारही अटींत बसणारी काढून द्यायची. प्रज्ञाताईनं ते ऐकलं आणि खुर्चीत मागे टेकली. मग म्हणाली, "बाबा त्या यादीत आहेत."

"मग?"

"मग काय? उद्या लोक म्हणतीन, पोरीनं बापाले घुसवलं. मी अट लिहीत नाही. अट तू लिही. मी बाकीचं लिहितो. अन् यादी निघाली का नावं आपण कोणी पाहायची नाहीत. नुसते कामगार-नंबर जातीन कंपनीले. बाबांचा नंबर मी पाहणार नाही, तू बी नाही पाहायचा."

मुली तिकडे कधीकधी 'लिहितो, जातो' असंच बोलतात. मला ते ऐकायला आवडायचं. तिचा तो सरळपणाही मला फार आवडला. आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, तिनं थोडी लबाडी केली असती, एकदा चोरून बापाचा नंबर शोधला असता, तर. पण ती तशी नव्हती.

तिनं एका कागदाच्या तुकड्यावर मला लिहून दिलं. फंक्शनचं, म्हणजे माझ्या प्रश्नाचं, नाव: गाळायचे. आत काय येणार: एका कामगाराची माहिती. बाहेर काय जाणार: हो किंवा नाही. खाली चार अटी. तिची फाइल वेगळी, माझी वेगळी. मी कागद घेतला आणि मान हलवली.

इथे थोडं थांबून एका शब्दाबद्दल सांगते, कारण सगळं त्या शब्दात आहे. प्रज्ञाताईच्या मनात फिल्टर म्हणजे गाळणं. चहा गाळतात, पाणी गाळतात. गाळलेलं ते प्यायचं असतं. घरात रोज सकाळी मावशी म्हणायच्या, "चहा गाळून ठेव वं," म्हणजे कपात घेण्याजोगा करून ठेव. तेव्हा 'गाळायचे' म्हणजे जे गाळून हातात घ्यायचे ते. मी शाळेत शिकले ते 'गाळलेल्या जागा भरा'. तिथे गाळलेलं म्हणजे जे नाही ते. आणि शाळा सुटली तेव्हा गुरुजींनी मला वाटेत गाठून सांगितलं होतं, "तुझं नाव पटावरून गाळलंय बरं का." चार-पाच वर्षं मी तो शब्द छातीवर घेऊन फिरत होते. माझ्यासाठी 'गाळायचे' याचा एकच अर्थ होता. ज्यांची नावं काढून टाकायची ते.

तेव्हा मी प्रश्न तसाच लिहिला. ज्याची सात वर्षं भरली नाहीत, किंवा ट्रेनिंग नाही, किंवा फिटनेस नाही, किंवा वय पन्नास झालं, त्याला 'हो'. हा गाळायचा. बाकीच्यांना 'नाही'. मला वाटलं, पुढचं काढायचं-ठेवायचं ताईच्या फाइलमध्ये असेल. एकदा शंका आली होती. 'ताई, गाळायचे म्हणजे कोणते?' एवढंच विचारायचं होतं, तीन-चार शब्द. ती फोनवर होती. फोन संपेपर्यंत मला वाटायला लागलं, इतकं साधं विचारलं तर तिला वाटेल हिला काहीच येत नाही, एवढे महिने फुकट गेले. मी विचारलं नाही. फाइल दिली. तिनं चालवली. "किती आले?" मी विचारलं. "निम्म्याहून जरा कमी," ती म्हणाली. "बरोबर वाटते." आणि नंबरांची यादी गेली.

शुक्रवारी संध्याकाळी यादी कंपनीच्या गेटवर लागली, नावांसकट. काका आले ते नेहमीपेक्षा उशिरा. गाडी अंगणात लावली, हेल्मेट काढलं, पायरीवर बसले आणि बूट काढायचं विसरले. मावशी दारात उभ्या होत्या.

"नाही," काका म्हणाले.

"काहून पण?"

"नवे पोट्टे घेतले. तीन महिने नाही झाले आले त्याले, तो घेतला. अन् एक म्हातारा घेतला, साठीले आला तो. त्याचा कोणी साहेब असन ओळखीचा. जुने सगळे बाहेर."

"असं कसं होईन?"

"होते," काका म्हणाले. "कंपनी आहे ते."

पुढे कितीतरी वर्षं मला या गोष्टीचं नवल वाटत आलंय. यादी अगदी उलटी होती. ज्यांना घ्यायचं ते बाहेर आणि ज्यांना नाही ते आत, इतकी उघड उलटी. पण गेटवर जमलेल्या एकाही माणसाला ती चूक वाटली नाही. कोणी म्हणालं पैसे चालले, कोणी म्हणालं त्यांना तरणी पोरं पाहिजेत, कोणी म्हणालं नेहमीचंच आहे. इतका अन्याय त्यांना रोजचा होता की त्यात कोणाचा हात चुकला असेल असं मनात येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

प्रज्ञाताईनं त्या रात्री फक्त एवढं म्हटलं, "बाबा, तुमच्या कागदातच काही कमी असेल." तिला वाटलं, आपला प्रोग्रॅम बरोबर आहे, मग उरतं काय? काकांनी ते ऐकलं आणि छातीवर हात ठेवला. "डॉक्टरनं मशीन लावलं तवा कायतरी लिहून राहिला होता. मले वाटलंच."

शनिवारी ताई कन्हानला गेली, एका कोळसा वाहतूकवाल्याचा कॉम्प्युटर बंद पडला होता. मी ऑफिसात एकटी. मला काकांसाठी काहीतरी करायचं होतं. कोणता कागद कमी आहे ते शोधून काढावं, तो आणून जोडावा, असं डोक्यात होतं. नंबर बघायचा नाही हे वचन मोडून मी त्यांची माहिती उघडली. अकरा वर्षं. ट्रेनिंग पूर्ण. फिट. वय एकोणपन्नास. चारही अटी, एकेक करून, बोट ठेवून वाचल्या. मग त्यांना माझ्या प्रश्नासमोर उभं केलं. उत्तर आलं, 'नाही'. बरोबर आहे, मी मनात म्हटलं, यांना नाही गाळायचं. आणि मग पहिल्यांदाच ताईची फाइल उघडली. तिथे एक ओळ होती. सगळ्या कामगारांची यादी, फिल्टर, कंसात माझ्या फंक्शनचं नाव. आजूबाजूला काहीही नव्हतं. 'हो' म्हणालेले आत. बस.

खाली शेठ कोणाशी तरी हसत होते. पापडाचा वास येत होता. दुरुस्ती म्हणजे एक उद्गारचिन्ह. प्रश्नाच्या आधी उद्गारचिन्ह टाकलं की हो-चं नाही होतं आणि नाही-चं हो. शाळेत आम्हाला शिकवलं होतं, हर्ष, दुःख, आश्चर्य दाखवायला उद्गारचिन्ह वापरतात. मी ते टाकलं आणि यादी पुन्हा काढली. सदतिसाव्या जागी देवीदासकाका होते.

साडेबारा वाजले होते. कंपनीचं ऑफिस शनिवारी दोनपर्यंत उघडं असतं हे मला माहीत होतं, ताईनंच यादी पाठवताना सांगितलं होतं. नेमणुकीची पत्रं सोमवारी पहिल्या पाळीला वाटली जाणार होती हेही माहीत होतं. फोन टेबलावर होता. ताईचा नंबर काढला. अंगठा त्याच्यावर ठेवला. आणि मग मी काय काय पाहिलं ते सांगता येत नाही. माळ्यावरचा माझा स्टोव्ह पाहिला, माझी पिशवी पाहिली, कोल्हापूरची गाडी पाहिली, मावशींचं तोंड पाहिलं. ज्या माणसांनी मला ताट वाढलं त्यांच्याच घरचा घास मी काढून घेतला, हे आता मला माझ्या तोंडानं सांगायचं होतं. मी फोन ठेवला. मग आणखी एक गोष्ट केली. ते उद्गारचिन्ह पुसून टाकलं, म्हणजे फाइल होती तशी झाली. कुलूप लावलं आणि घरी येऊन मावशींना लसूण सोलायला बसले.

रविवार कसा गेला? मावशींनी पातोडीचा रस्सा केला, काकांना आवडतो म्हणून. त्यांनी दोन घास खाल्ले. दुपारभर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि मधूनच खोकून बघत होते. खोकला आलेला नसताना माणूस खोकून बघतो, आत काय वाजतंय ते ऐकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मावशी म्हणाल्या, "काही नाही झालं तुमाले. घोड्यासारखे आहात." ते म्हणाले, "घोड्याचं बी डॉक्टरच सांगते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सारिका, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये माह्या कागदात काय लिहिलं आहे, पाहशील का वं?"

"सोमवारी बघते काका," मी म्हटलं.

सोमवारी दहाला मी ताईला सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, शब्दाचं, दोन्ही फाइलींचं. तिनं दोन्ही तळवे टेबलावर ठेवले आणि ऐकलं. रागावली नाही. तिनं एकच विचारलं, "कधी समजलं तुले?"

"शनिवारी."

"किती वाजता?"

"साडेबारा."

मग तिनं ओढणी खांद्यावर घेतली, गाडीची किल्ली घेतली आणि हिंगण्याला गेली. पत्रं सकाळी सातलाच वाटली गेली होती. ज्यांना मिळाली त्यांचे पेढे वाटून झाले होते. साहेबांनी तिला बाहेर बाकावर दोन तास बसवलं आणि मग म्हणाले, दुसरी यादी द्या, बघू. तिनं दिली. मंगळवारी गेटवर दोन घोळके उभे होते. पत्र हातात असलेले आणि पत्र मिळायला हवं होतं ते. कालपर्यंत एका डब्यात जेवणारे. गुरुवारी कंपनीनं नोटीस लावली. यादीबाबत वाद असल्यानं सर्व प्रक्रिया स्थगित. दिलेली पत्रं परत घेतली. एकालाही घेतलं नाही. मला अजूनही वाटतं, त्यांना निमित्तच हवं होतं, आणि ते मी पुरवलं.

प्रज्ञाताईनं ठेकेदाराला, साहेबांना, गेटवरच्या लोकांना, सगळ्यांना एकच सांगितलं, "चूक माझी." माझं नाव कुठे घेतलं नाही. घरी तर नाहीच. काकांना कामावर त्या दिवसांत काय काय ऐकावं लागलं ते नंतर मावशींकडून कळलं. "पोरीनंच बापाले गाळलं गा!" असं डबा खाताना कोणी म्हणायचं आणि बाकीचे हसायचे. काका डब्यावरून उठून जायचे नाहीत. पूर्ण जेवायचे, डबा धुवायचे आणि यायचे. दिवाळी आली. मावशींनी चिवडा केला, दारात पणत्या लावल्या. काकांना पन्नास वर्षं पूर्ण झाली.

ठेकेदारानं काम काढून घेतलं, मग दुसऱ्यानं, मग ऑफिस बंद झालं. ताई पुण्याला नोकरीला गेली. जाण्याआधी तिनं सीताबर्डीला एका ठिकाणी माझ्यासाठी शब्द टाकला आणि मला लावून दिलं. स्टेशनवर तिनं मला जवळ घेतलं नाही, आणि दूरही केलं नाही. म्हणाली, "विचारत जाय वं. समजलं नाही तर विचारत जाय." त्यानंतर ती मला फोन करते, सणाला करते, मुलीचं विचारते. पण त्या साडेबाराबद्दल ती एक शब्द बोललेली नाही, आणि तिचं हे न बोलणं मी इतकी वर्षं सांभाळते आहे. उपकार फेडतात म्हणे. मला ते कुठून सुरू करायचं तेच सापडलेलं नाही.

ताई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी, काका मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. ऊन अंगणात आलं होतं. ते म्हणाले, "ती यादी आहे का तुह्याजवळ? बरोबरवाली?"

माझ्याजवळ होती. मी म्हटलं, "काका, अट मी लिहिली होती. ताईनं नाही."

"माहीत आहे मले."

"ताईनं सांगितलं?"

"ते काय सांगते! तिले खोटं बोलताना मी लहानपणापासून पाहून राहिलो." त्यांनी चौकटीला हात टेकला. "मी बसत होतो का त्यात?"

"बसत होतात. चारही अटींत."

"डॉक्टरचं बी?"

"डॉक्टरचंही. फिट लिहिलंय."

"कितवा नंबर?"

"सदतीस."

त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, छापून आण. सोमवारी मी सीताबर्डीच्या ऑफिसात तीन पानं छापली, तिथल्या साहेबांची परवानगी घेऊन, आणि घरी आणली. काकांनी हात धुतले, चष्मा लावला आणि अंगणात खुर्ची टाकून बसले. मी दाराला टेकून उभी होते. या वेळी शनिवारचंही सांगायचं असं ठरवून उभी होते. दुपारचे साडेबारा, टेबलावरचा फोन, दोनपर्यंत उघडं असलेलं ऑफिस, सगळं. ते पहिल्या नावापासून वाचायला लागले, मोठ्यानं, सावकाश, प्रत्येक नावाखाली अंगठ्याचं नख सरकवत. "हा गेला काम सोडून, उमरेडकडे शेती करते आता... याचा पाय मशीनमध्ये गेला पावसाळ्यात... हा आहे, माह्याच पाळीले आहे..." आतून मावशींनी विचारलं, "कायची यादी आहे?" काका म्हणाले, "जुनी आहे," आणि पुढे वाचत राहिले. पस्तिसावा. छत्तिसावा. सदतिसाव्याला ते थांबतील असं मला वाटलं होतं. थांबले नाहीत. बाकीच्यांसारखंच स्वतःचं नाव वाचलं, त्याच आवाजात, नख खाली सरकवलं. मी तोंड उघडलं तेव्हा ते अडतिसाव्या माणसाच्या मुलाच्या लग्नाचं काहीतरी सांगत होते.